झेंडा दुसऱ्याचा, भांडण घरच्यांशी

मागच्या अंकात जॉर्जिया (पूर्वी सोव्हिएत संघात असलेला देश) इथल्या मोर्च्यांवर एक छोटी चौकट छापली होती, फोटोसकट. लोक युरोपियन युनियनमध्ये, म्हणजे युरोपातल्या देशांच्या संघात, जायचं म्हणून रस्त्यावर उतरले होते. त्यावर एवढी पत्रं आणि व्हॉट्सॲप मेसेज आले की या महिन्याचं सदर त्याच विषयाला द्यावं लागतंय. नेहमीप्रमाणं नावं छापत नाही, फक्त गावं.

प्रश्न (तासगाव) : मी द्राक्ष बागायतदार. तुम्ही छापलेल्या फोटोत पोरं थंडीत पोलिसांच्या पाण्याचा मारा अंगावर घेतायत आणि हातात झेंडा युरोपियन युनियनचा. मला कळंना, स्वतःचा देश स्वतंत्र असताना युनियनच्या मुख्यालयातल्या, ब्रुसेल्समधल्या साहेबांचे नियम स्वतःवर लादून घ्यायला कोण कशाला भांडंल? आम्हाला युरोपला एक कंटेनर पाठवायचा म्हटलं तरी रेसिड्यूच्या (औषधांच्या अंशाच्या) रिपोर्टनं घाम फुटतो. ह्यांना कुणी पैसे देतं का?

उत्तर : पैसे कोण देतं हे तिथलं सरकारसुद्धा विचारतंय, २०२४ मध्ये त्यांनी परदेशातनं निधी घेणाऱ्या संस्थांवर कायदाच केला, तेव्हा शंका घेणारे तुम्ही एकटे नाही. पण दादा, तिथं वर्षानुवर्षं सर्व्हे होतायत आणि दहातले साधारण आठ जण युनियनमध्ये जायचं म्हणतात, एवढ्या लोकांना पाकिटं वाटणं कुणालाच परवडणार नाही. झालं असं की २८ नोव्हेंबर २०२४ ला पंतप्रधान कोबाखिद्झे यांनी जाहीर केलं की प्रवेशाची बोलणी सुरू करायचा विषय २०२८ संपेपर्यंत काढायचा नाही, आणि त्याच रात्री तिबिलिसीच्या रुस्तावेली रस्त्यावर लोक उतरले. गंमत म्हणजे युनियनमध्ये जाण्यासाठी सगळे प्रयत्न करायचे हे त्यांच्या संविधानातच लिहिलेलं आहे, म्हणजे पोरं संविधान पाळा म्हणत होती आणि पाणी त्यांच्याच अंगावर.

आता का, ते. याला तीन उत्तरं कुणीही देईल. एक व्हिसा, युक्रेनशेजारच्या मोल्दोव्हाच्या लोकांना २०१४ पासून आणि जॉर्जिया-युक्रेनच्या लोकांना २०१७ पासून ९० दिवस व्हिसाशिवाय युरोपात फिरता येतं, आणि एकदा फिरून आलं की माणूस आपल्या गावचा रस्ता वेगळ्या नजरेनं बघतो. दुसरं बाजार, २००६ मध्ये रशियानं मोल्दोव्हाची आणि जॉर्जियाची वाइन एकाच झटक्यात बंद केली, त्या देशांची बहुतेक वाइन तिकडंच जायची, तेव्हा बांगलादेशनं ड्यूटी वाढवल्यावर तासगावात काय चर्चा होते ती दहापट करून बघा. तिसरं भीती. जॉर्जियानं २००८ ला रशियाशी लढाई बघितली आणि त्यांची पाचवा हिस्सा जमीन आज त्यांच्या ताब्यात नाही. युक्रेननं अर्ज केला तो २८ फेब्रुवारी २०२२ ला, हल्ला सुरू झाल्यावर चार दिवसांनी, मोल्दोव्हा आणि जॉर्जियाचे अर्ज ३ मार्चला.

तिन्ही कारणं खरी. पण माझं मत विचाराल तर सगळ्यात मोठं कारण या तिन्हीत नाही. लोकांचा स्वतःच्याच पुढाऱ्यांवर विश्वास नसतो आणि त्यांच्या डोक्यावर कुणीतरी विचारणारा पाहिजे असतो. एका स्पॅनिश अभ्यासकानं २००० साली आकडे तपासून हेच मांडलं होतं की घरच्या संस्थांबद्दल मत जितकं वाईट तितका युनियनला पाठिंबा जास्त. रोमानियाचं घ्या. २००७ ला आत गेले ते एका अटीवर, की न्यायव्यवस्था आणि भ्रष्टाचार यावर ब्रुसेल्स वेळोवेळी रिपोर्ट काढणार. आपण असलं काही ऐकलं तर अपमान वाटेल, तिथल्या सामान्य माणसाला आधार वाटला. लाउरा कोव्हेसी नावाच्या बाईंनी भ्रष्टाचारविरोधी सरकारी वकील म्हणून मंत्री, खासदार, महापौर असे मोठमोठे लोक कोर्टात उभे केले, मग २०१७ च्या सुरुवातीला सरकारनं रातोरात असा वटहुकूम काढला की पदाच्या गैरवापराचे बरेच गुन्हे गुन्हेच राहणार नाहीत, आणि त्याविरुद्ध लाखो लोक कडाक्याच्या थंडीत बुखारेस्टच्या चौकात. वटहुकूम मागं घ्यावा लागला. पुढच्या वर्षी बाईंना पदावरनं काढलं. आणि २०१९ मध्ये त्याच बाई युरोपच्या पहिल्या मुख्य सरकारी वकील झाल्या, स्वतःच्या देशाचं सरकार विरोधात असताना! आता ही बातमी गावातल्या पारावर बसलेल्या माणसाला कशी वाटली असेल?

तुमच्या रेसिड्यूच्या घामाचं म्हणाल तर तीच मेख आहे. २०१० ला क्लोरमेक्वाट या वाढ रोखणाऱ्या औषधाच्या अंशावरनं युरोपनं आपली द्राक्षं अडवली तेव्हा तिथं कुणाची ओळख चालली नाही, कुणाचा फोन चालला नाही. आपल्याला तो जाच वाटला. पण ज्यांच्या गावात दाखल्यापासनं दवाखान्यापर्यंत सगळं ओळखीनं चालतं त्यांना असं वाटतं की हा जाच एकदा आमच्या साहेबालाही होऊ दे.

प्रश्न (विटा) : आमच्या भागातली निम्मी घरं गलाईच्या धंद्यासाठी देशभर पसरलीयत हे तुम्हाला ठाऊकच आहे. युरोपियन युनियन म्हणजे तसंच का, कुठंही जाऊन दुकान टाका? आणि तसं असंल तर तिथली गावं पण आमच्यासारखी रिकामी होत असतील की.

उत्तर : होय, आणि होय. विट्याचा माणूस कोइमतूरला किंवा केरळात जाऊन सोनं-चांदी गाळायचं दुकान टाकतो तेव्हा त्याला तमिळ येत नसतं, मल्याळम येत नसतं, पण परवाना मागायला परदेशी कचेरीत जावं लागत नाही, आजारी पडला तर सरकारी दवाखाना हक्काचा, पोरं तिथल्या शाळेत. लिथुआनियाच्या सुताराला आयर्लंडमध्ये हेच पाहिजे होतं. १ मे २००४ ला (हो, आपल्या महाराष्ट्र दिनालाच) दहा देश एकदम आत आले, त्यावेळी ब्रिटन, आयर्लंड आणि स्वीडन या तिघांनी कामाची दारं लगेच उघडली, बाकीच्यांनी काही वर्षं अडवून धरली.

आता मोल्दोव्हाचा निकाल बघा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे. २० ऑक्टोबर २०२४ ला रेफरेंडम झालं, युनियनमध्ये जायचं ध्येय संविधानात घालायचं का म्हणून. निकाल ५०.३५ टक्के हो. फरक साडेदहा हजार मतांच्या आसपास, आपल्याकडं झेडपीच्या एका गटातल्या मतांपेक्षाही कमी. देशात राहणाऱ्यांची मोजणी केली तर ‘नाही’ पुढं होतं! तारलं कुणी तर बाहेरगावी गेलेल्यांनी, इटलीत म्हाताऱ्यांची सेवा करणाऱ्या बायका, जर्मनीत बांधकामावर असलेले गडी, रांगा लावून मतं दिली त्यांनी. बाहेर राहून ज्यांनी बघितलं त्यांना घरी पण तसंच पाहिजे होतं. त्याच देशात गागाउझिया नावाचा भाग आहे, तिथं जवळपास ९५ टक्के मतं विरोधात. ते काय वेडे आहेत का? नाही. त्यांची माणसं रशियात कामाला जायची, टीव्ही रशियन, बोलणं रशियन, २०१४ ला त्यांनी स्वतःचं वेगळं मतदान घेऊन रशियाच्या कस्टम्स युनियनला (जकातीच्या संघाला) कौल दिला होता. म्हणजे कारण दोघांचंही पोटाचंच, युनियन फक्त वेगळी.

गावं रिकामी होतात हे मात्र कुणी प्रचारात सांगत नाही. लाटव्हिया आत गेला तेव्हा लोकसंख्या पावणेतेवीस लाखांच्या आसपास होती, आता एकोणीस लाखांच्या खाली आहे. सगळेच बाहेर गेले असं नाही, जन्मही कमी झालेत, पण बल्गेरियात, लिथुआनियात तुम्हाला कुलपं लावलेली घरं तशीच दिसतील जशी खानापूर-आटपाडीत दिसतात. फरक एवढाच की विट्याचा माणूस देवीच्या यात्रेला तरी परत येतो आणि गावात बंगला बांधतो.

प्रश्न (जत, पूर्व भाग) : आमच्याकडं पाण्यासाठी कर्नाटकात जातो म्हणून ठराव केले तेव्हा आम्हाला काय काय ऐकून घ्यावं लागलं. युरोपात लोक तेच करतात तर ते पुरोगामी, आणि आम्ही केलं तर गद्दार?

उत्तर : पहिलं तर तुलना तंतोतंत नाही. तुम्ही एका राज्यातनं दुसऱ्या राज्यात जायचं म्हणत होता, देश तोच. युनियनमध्ये देश देशच राहतो, काही अधिकार वर देतो आणि वाटलं तर परत बाहेर येऊ शकतो. पण तुमच्या रागात तथ्य आहे हे मान्य करायलाच पाहिजे.

ज्या वाचकांना आठवत नसेल त्यांच्यासाठी, २०१२ च्या दुष्काळात जतच्या सीमेवरच्या चाळीसेक गावांनी पाणी देत नसाल तर कर्नाटकात जातो असं म्हटलं होतं. दहा वर्षं कुणी लक्ष दिलं नाही. मग नोव्हेंबर २०२२ मध्ये कर्नाटकचे त्यावेळचे मुख्यमंत्री बोम्मई यांनी ते ठराव बाहेर काढले आणि एकदम मुंबईत धावपळ सुरू झाली, ठराव जुना आहे, एकही गाव जाणार नाही वगैरे, आणि विस्तारित म्हैसाळ योजनेची फाइल पळायला लागली. मला विचाराल तर जतच्या लोकांना कर्नाटकबद्दल फार प्रेम होतं असं नाही (कन्नड बोलतात बरेच, पण कन्नड तर त्यांची आजीही बोलायची, तेव्हा नव्हतं कुणाला जायचं). त्यांना सांगली आणि मुंबईतल्या लोकांना ऐकवायचं होतं. पलीकडं पाणी दिसतंय आणि अलीकडं टँकर, मग माणूस पलीकडचं नाव घेतोच.

युरोपातही पाठिंब्याचा एक भाग असाच असतो, घरच्यांना सुनावलेला. म्हणून तर २०१५ च्या जुलैमध्ये ग्रीसच्या लोकांनी कर्ज देताना ब्रुसेल्सनं घातलेल्या काटकसरीच्या अटींना ६१ टक्क्यांनी ‘नाही’ म्हटलं पण युरो सोडायचा का म्हटल्यावर बहुतेकांचं उत्तर तेव्हाही नाहीच होतं. अटी नकोत, पण स्वतःच्या पुढाऱ्यांच्या हातात नोटा छापायचं मशीन तर त्याहून नको.

प्रश्न (कराड, कॉलेज विद्यार्थिनी) : सर, मग नॉर्वेसारखे देश का नाही जात? ते तर अजून श्रीमंत आहेत, त्यांना सहज घेतलं असतं.

उत्तर : ताई, तुझा प्रश्न माझ्या मुद्द्याचीच दुसरी बाजू आहे. नॉर्वेला दोनदा विचारलं, १९७२ ला ५३.५ टक्के नाही, १९९४ ला ५२.२ टक्के नाही. तेल त्यांचं, मासे त्यांचे, आणि मुख्य म्हणजे सरकारवर लोकांचा भरवसा, मग वर अजून एक मालक कशाला? तरी युनियनचा बाजार पाहिजेच म्हणून ते युरोपियन इकॉनॉमिक एरियात आहेत, बाजाराचे नियम पाळतात, वर्गणीही भरतात, फक्त नियम ठरवताना मत नाही. मला हा सौदा कधीच नीट कळला नाही, पण ते खूश आहेत.

आइसलंड याहून बोलकं आहे. २००८ ला त्यांच्या तिन्ही मोठ्या बँका बुडाल्या, लोक भांडी वाजवत संसदेसमोर, आणि २००९ ला युनियनचा अर्ज. हळूहळू मासेमारी आणि टुरिझमनं गाडी रुळावर आली, सरकार बदललं, २०१५ मध्ये अर्ज नको म्हणून कळवून मोकळे.

प्रश्न (औंध) : मी ऐंशीच्या घरातला. आमचं संस्थान विलीन झालं तेव्हा आम्हाला कुणी मत विचारल्याचं वडिलांच्या बोलण्यात नव्हतं. तरीही लोक खूश होते म्हणायचे. हे कसं?

उत्तर : काका, मतदान नव्हतंच झालं. औंध, फलटण, सांगली, जत, भोर ही दख्खनची संस्थानं ८ मार्च १९४८ ला मुंबई प्रांतात गेली. त्याआधी काही राजांनी आपापसात मिळून वेगळा संघ करायची खटपट केली होती, पण प्रजा परिषदेची (संस्थानांतल्या लोकांच्या चळवळीची) माणसं थेट विलीन व्हा म्हणून मागं लागली आणि तो संघ टिकला नाही. सार्वमत झालं ते जुनागढला, फेब्रुवारी १९४८ मध्ये, कारण तिथं नवाब पाकिस्तानकडं गेला होता. युरोपातसुद्धा सगळ्यांना विचारलं असं समजू नका, ब्रिटन १९७३ ला आधी आत गेलं आणि १९७५ ला लोकांना विचारलं, ६७ टक्के म्हणाले राहू या. बल्गेरियानं तर विचारलंच नाही.

पण औंधचं उदाहरण माझ्या म्हणण्यात बसत नाही हेही सांगतो. राजावर अविश्वास म्हणून लोक विलीनीकरण मागत होते हे दुसरीकडं कुठं लागू होईल, औंधला कसं होणार? भवानराव पंतप्रतिनिधींनी १९३९ लाच गांधीजींच्या सल्ल्यानं ७२ गावांचा कारभार लोकांच्या हातात दिला होता. तिथं लोक राजाला कंटाळून गेले नाहीत. मला वाटतं तिथं वारं होतं ते देशाचं, साताऱ्यात पत्री सरकार चालवून झालेली माणसं, त्यांना आता छोट्या चौकटीत राहायचंच नव्हतं. पोलंड, लिथुआनियामध्ये २००३ ला ‘आपण घरी परत चाललोय’ असं वाटणारे लोक होते, सोव्हिएत छायेतली पन्नास वर्षं पुसून. लिथुआनियात ९१ टक्के हो, पोलंडमध्ये ७७. असल्या वेळी हिशेब दुय्यम असतो.

मात्र ह्या टक्क्यांनी हुरळून जाऊ नये. त्याच वर्षी हंगेरीत ८४ टक्के हो पडले आणि मतदान झालं ४६ टक्क्यांच्या आत. निम्म्याहून जास्त लोक घरीच बसले. क्रोएशियात २०१२ ला तसंच, मतदान ४३.५ टक्के. सामान्य माणसाचा पाठिंबा म्हणतो तेव्हा त्यात ‘होऊ दे, आपल्याला काय’ म्हणणारे किती हे कुणी मोजत नाही.

प्रश्न (पाचगणी) : आमच्या इथल्या जमिनी बाहेरच्यांनी घेऊन बंगले उठवले. युरोपात श्रीमंत देशातले लोक गरीब देशातली शेतं घेणार नाहीत का?

उत्तर : हीच भीती सगळ्यात जास्त होती, विशेषतः पोलंडच्या शेतकऱ्यांना, जर्मन येऊन सगळं घेतील म्हणून. म्हणून पोलंडनं शेतजमिनीसाठी १२ वर्षांची सूट मागून घेतली, ती १ मे २०१६ ला संपली, आणि संपायच्या तोंडावर त्यांनी शेतजमीन विक्रीचा स्वतःचा कडक कायदा केला. डेन्मार्क श्रीमंत असूनही समुद्रकाठची सुट्टीची घरं जर्मन लोकांना विकायची नाहीत म्हणून युनियनच्या करारात वेगळं कलम घालून बसलाय. पूर्व आफ्रिकेत केनिया, युगांडा, टांझानिया वगैरेंचा असाच संघ आहे, एक दिवस एकच राज्यसंघ करायचा म्हणतात, तिथं टांझानियाची माणसं सगळ्यात कचरतात आणि कारण विचाराल तर जमीन. त्यांच्याकडं मोकळी जमीन जास्त, शेजाऱ्याकडं कमी. पाचगणीकरांना हे समजावून सांगायची गरज नाही.

गमतीचा भाग म्हणजे पोलंडचे जे शेतकरी २००३ ला सगळ्यात जास्त कुरकुरत होते त्यांनाच आत गेल्यावर थेट खात्यावर सबसिडी यायला लागली. युनियनच्या बजेटचा साधारण तिसरा हिस्सा शेतीवर जातो. कुरकुर थांबली असं नाही, शेतकरीच ते, युक्रेनचं धान्य स्वस्तात यायला लागल्यावर २०२३-२४ ला ट्रॅक्टर घेऊन सीमा अडवल्या त्यांनी.

प्रश्न (इस्लामपूर) : एवढं चांगलं आहे तर ब्रिटन का बाहेर पडलं?

उत्तर : एवढं चांगलं आहे असं मी कुठं म्हणालो? लोक का मागतात ते सांगतोय. ब्रिटनमध्ये २०१६ ला ५१.९ टक्के बाहेर पडा म्हणाले, त्यात वेल्समधलं ब्लायनाउ ग्वेंट बघा, कोळसा-पोलादाचा पडलेला भाग, युनियनच्या पैशातनं तिथं रस्ते झाले, कॉलेज झालं, आणि ६२ टक्के मतं विरोधात. कॉर्नवॉलचंही तसंच. बोर्ड लावला, झेंडा छापला म्हणून माणूस आपला होत नाही, त्याला हाताला काम पाहिजे होतं. फंडावर मत मिळतं असं समजणाऱ्या आपल्याकडच्या मंडळींनी हे जरूर वाचावं.

प्रश्न (सातारा) : मग आपल्या सार्कचं काय? आपले लोक का मागत नाहीत असली युनियन?

उत्तर : थोडक्यात सांगतो कारण जागा संपलीय. सार्क, म्हणजे दक्षिण आशियातल्या देशांची संघटना, १९८५ ला ढाक्यात सुरू झाली, २०१४ च्या काठमांडूनंतर शिखर बैठकच झालेली नाही, २०१६ ची इस्लामाबादची रद्द झाली. युनियन मागायला समोर दोन गोष्टी लागतात, एक म्हणजे शेजाऱ्याचं बरं चाललंय असं दिसलं पाहिजे, आणि दुसरं म्हणजे वरचा जो कुणी असेल तो घरच्यापेक्षा सरळ वागेल असं वाटलं पाहिजे. इथं दोन्ही नाही. त्यामुळं कुणी सार्कचा झेंडा घेऊन राजवाड्यावर उभा राहिला तर लोक विचारतील की हा कुठल्या पक्षाचा. नेपाळी माणूस साताऱ्यात येऊन व्हिसाशिवाय काम करतो ते सार्कमुळं नाही, १९५० च्या भारत-नेपाळ करारामुळं.